बायजा ज्या जीपमध्ये बसली नव्हती

मुंबईला जुन्या गाड्यांच्या शौकिनांचं एक मंडळ आहे. त्यांचं सोळा पानांचं इंग्रजी पत्रक गेल्या आठवड्यात टपालाने आमच्या घरी आलं, कारण माझा मुलगा उदय या वर्षी त्या मंडळाचा सभासद झाला आहे. नवव्या पानावर कळंबच्या मेळाव्याची हकिगत आहे. सबनीससाहेबांच्या १९४३ सालच्या लष्करी जीपचे तीन फोटो आहेत. हिरव्या रंगाची छटा किती अचूक साधली आहे, मागे टांगलेला पेट्रोलचा डबा कुठल्या सालचा आहे, कुठल्या बोल्टच्या डोक्यावर कंपनीचा ठसा आहे आणि कुठल्या नाही, यावर दीड पान खर्ची घातलं आहे. आणि शेवटी एक वाक्य: स्थानिक मेकॅनिकने इंजिनाचा एक भाग चोरल्यामुळे माथेरान घाटातली फेरी ऐन वेळी रद्द करावी लागली.

मेकॅनिकचं नाव दिलेलं नाही. ती जीप ज्याने सव्वादोन वर्षं राबून उभी केली, त्याचंही नाव सोळा पानांत कुठे नाही. हे दोघे एकच आहेत हे वाचणाऱ्याला कळायचं कसं?

त्यांचं नाव हिरामण सोनू रोकडे. कर्जतला चार फाट्यावर त्यांचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे चार सागाचे खांब, वर पत्रे, मागे दोन खोल्यांचं घर. आमची ओळख अडुसष्ट सालची. माझ्या यजमानांनी तेव्हा एक जुनी मोटरसायकल घेतली होती आणि ती चालण्यापेक्षा ढकलण्यातच जास्त असायची. हिरामणदादांनी ती चार दिवसांत नीट केली. यजमान आणायला गेले, तर गाडी जागेवर नाही. तासाभराने पळसदरीच्या बाजूने हिरामणदादा आले आणि मागच्या सीटवर पदर खोचून, दोन्ही हातांनी नवऱ्याचा सदरा घट्ट धरून बसलेली त्यांची बायको, बायजा.

यजमान चिडले. म्हणाले, "अहो, माझ्या गाडीवर बायकोला फिरवता?"

उत्तर बायजानेच दिलं. "फिरवाया कशाला? मी बसल्याबिगर गाडी जात नाय दारातनं. आता न्या. माजी हाडं शाबूत हायेत, तुमची पन ऱ्हातील."

यजमानांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मी खूप हसले होते. त्यामागची गोष्ट मला पुष्कळ वर्षांनी कळली. हिरामणदादा सोळाव्या वर्षी कल्याणच्या लष्करी तळावर हमालीला लागले. लढाई संपली होती, शेकडो जीपगाड्या आणि ट्रक लिलावासाठी रांगेने उभे होते. तिथल्या एका हवालदाराच्या हाताखाली ते यंत्र शिकले. पुढे खोपोलीत नोकरी केली. छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून गाडीपुढे नारळ फोडणं, लिंबू-मिरची बांधणं त्यांनी बंद केलं. त्रेसष्ट साली त्यांचा जिवाभावाचा मित्र धोंडी चालवायचा तो ट्रक त्यांनी दुरुस्त केला. मालकाने पुजारी आणला, नारळ फोडला, बंपरला लिंबू बांधलं. ब्रेक हिरामणदादांनी आवारात तपासला. दोनदा दाबला, गाडी जागच्या जागी थांबली. त्यांनी धोंडीला सांगितलं, "जा, ठीक हाय." धोंडी बोरघाट उतरताना गेला.

आठ दिवस हिरामणदादा जेवले नाहीत, कामाला गेले नाहीत. हत्यारं विकून टाकतो म्हणाले. नवव्या दिवशी बायजा म्हणाली, "आवारात थांबनारी गाडी घाटात थांबंलच असं नसतंय, ह्ये तुमाला आता कळलं ना? मंग पुढली गाडी झाली का मला बसवा तिच्यात आन् घाटात न्या. मी बसनार म्हटल्यावर तुमचा हात चुकनार नाय."

तेव्हापासून हा नेम. मोटरसायकल असो, टेंपो असो, कुणा शेठची मोटार असो, बायजाला बसवून हिरामणदादा स्वतः ती चढावर नेणार, उतारावरून खाली आणणार, आणि मगच किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात. चार फाट्यावरचे लोक चेष्टा करायचे. "बायजाबाय, आज कोनती सवारी?" ती म्हणायची, "आज शेठची मोटार हाय. उद्या तुजी बैलगाडी आन, तिच्यात पन बसते." पण गाड्या तिथेच यायच्या.

सबनीससाहेब हे मुंबईच्या एका कंपनीतले निवृत्त अधिकारी. कळंबला त्यांचा बंगला आहे. पळसदरीच्या धरणापाशी एका कंत्राटदाराच्या मोडक्या शेडमागे त्यांना ती जीप दिसली. चेसिसमधून करंजाचं झाड वर आलं होतं. एकोणऐंशी सालच्या पावसाळ्यानंतर ती बैलांनी ओढत चार फाट्यावर आणली. उदय तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होता. सुट्टी लागली की तो तिथे जाऊन बसायचा, सबनीसांशी त्याची ओळख तिथलीच. काय काय केलं हिरामणदादांनी! गंजून चाळण झालेले तळाचे पत्रे कापून नवे ठोकून बसवले. पुढच्या चाकांना ताकद देणारा दांडा वाकला होता, तो तापवून दोरीच्या रेषेत सरळ केला. एका गियरचे तीन दात गेले होते, ते भरून कानशीने घासले. घासायला सतरा दिवस लागले. चारी चाकं ओढायला लागली तेव्हा उल्हास नदीच्या गोट्यांतून जीप नेऊन पलीकडे काढली. बायजा अर्थातच शेजारी. "पोटातलं आतडं मानेत आलं," असं ती मला सांगत होती, पण तोंडभर हसत होती.

ब्रेकचा मुख्य सिलिंडर मात्र मूळचा वाचला नाही. पायाने पेडल दाबलं की ज्या नळकांड्यातून तेल चारी चाकांकडे ढकललं जातं, ते हे. आतून त्याला खड्डे पडले होते. हिरामणदादांनी आपल्याकडे नंतर बनलेल्या जीपचा सिलिंडर घेतला आणि तो बसवायला स्वतः एक लोखंडी कंस, म्हणजे ब्रॅकेट, घडवला. बायजाला घेऊन नेरळहून माथेरानच्या रस्त्याने, मोटारी जिथे थांबतात त्या दस्तुरीपर्यंत चढून ते तीनदा खाली आले. मग गाडी सबनीसांना दिली. ही गोष्ट यंदाच्या जानेवारीतली.

मेळावा फेब्रुवारीतल्या एका रविवारी ठरला. त्याच्या आदल्या आठवड्यात मंडळाचे भाटवडेकर म्हणून एक जाणकार कळंबला जीप बघायला आले. त्यांच्या खिशात भिंग असतं. त्यांनी जीपखाली चटई टाकली, आडवे झाले आणि तो कंस बघून जणू साप दिसल्यासारखे बाहेर आले.

"हे काय लोहारकाम केलंय? सगळ्या गाडीचा सत्यानाश! मेळाव्याच्या स्पर्धेत याचे पंधरा गुण जातील."

सबनीसांचा चेहरा उतरला. शनिवारी भाटवडेकर मुंबईच्या जुन्या बाजारातून मूळ सिलिंडर घेऊन आले. कागदात गुंडाळलेला, ग्रीस फासलेला, चाळीस वर्षांत कधी न वापरलेला, आणि वर कंपनीचा ठसा. उदय मला सांगत होता की तो सिलिंडर हातोहात फिरला, लोकांनी तो उजेडात धरून धरून पाहिला. हिरामणदादांना बोलावून तो बसवायला सांगितलं. त्यांनी अंगठ्याने आतली रबराची टोपी दाबून पाहिली आणि म्हणाले, "साहेब, लोखंड जुनं चालतं. रबर जुनं चालत नाय. ह्याच्यात नवी रबरं घाला, आठ दिवस द्या, मंग बसवतो."

"मेळावा उद्या आहे."

"मंग उद्या माजाच ऱ्हाऊ द्या."

भाटवडेकर म्हणाले, "तुला ठसा कळतो का? तू चार फाट्यावरचा फिटर. आम्ही यावर पुस्तकं वाचली आहेत."

अरे-तुरे त्यांना सगळेच करतात. ते बावन्न वर्षांचे आहेत. तेवीस वर्षांचा पोरगाही "हिरामण, पाना आण" म्हणतो. माझा उदयही म्हणायचा. मी त्याला कधी टोकलं नाही, हेही इथेच लिहून टाकते.

सिलिंडर त्या लोकांनीच बसवला. आवारात दोनदा ब्रेक दाबला, गाडी थांबली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

रविवारी सकाळी यजमान आणि मी कळंबला गेलो. बंगल्यापुढे सहा-सात जुन्या गाड्या आणि मधोमध जीप. कार्यक्रम असा होता की अकरा वाजता सबनीस जीप घेऊन नेरळमार्गे दस्तुरीपर्यंत जाणार आणि परत येणार, शेजारी उदय, मागे आणखी दोन मुलं. ज्यांनी तो रस्ता पाहिलाय त्यांना सांगायला नको. एका वळणावर पुढचं वळण डोक्यावर दिसतं, आणि उतरताना तेच पायाखाली.

पाहुण्यांना व्हरांड्यात कपबशीतून चहा होता. हिरामणदादा पंपाच्या खोलीपाशी उभे होते, हातात वेगळा ठेवलेला काचेचा ग्लास. मी तिकडे गेले. आईच्या मनात येतं ते विचारलं.

"दादा, बायजा बसली होती ना हो या गाडीत?"

"बाई, ती बसली व्हती त्या गाडीला दुसरा ब्रेक व्हता. ह्या गाडीत ती बसली नाय."

"मग उदय जाणार आहे त्याचं काय?"

"मी काल सांगितलं. आज सकाळी पन सांगितलं. तुमी सांगून बघा, तुमचं ऐकतील."

मी सबनीसांना सांगितलं. ते हसले. "वहिनी, अमेरिकन माल आहे. लढाई जिंकलेली गाडी आहे ही." उदयला बाजूला घेऊन सांगितलं, तर तो दबक्या आवाजात म्हणाला, "आई, प्लीज. सगळे बघताहेत." यजमान म्हणाले, तू जरा जास्तच करतेस. मी पुन्हा पंपाच्या खोलीकडे गेले. मी म्हटलं, "दादा, तुम्ही काहीतरी करा हो."

हे माझे शब्द. मी ते बोलले, आणि मग जाऊन बायकांत बसले.

अकरा वाजता सबनीसांनी जीप सुरू करायला घेतली. इंजिन नुसतं गुरगुरलं. पुन्हा गुरगुरलं. सगळे जाणकार गोळा झाले आणि पुढचा सव्वा तास जी चर्चा झाली ती मी जन्मात विसरणार नाही.

"पेट्रोल येतंय का बघा."

"येतंय. कॉइल तापली असेल."

"कॉइल मूळ आहे, ती तापत नाही."

"हवेचा दाब! समुद्रसपाटीपासून उंची वाढली की..."

"कळंबला कसली उंची?"

एकाने प्लगची तार काढून ठिणगी पाहिली. ठिणगी नव्हती. दुसरा म्हणाला, डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडा. लगेच भाटवडेकर हात पसरून आडवे आले. "झाकणाला हात लावायचा नाही! त्या क्लिपांवरचा रंग मूळचा आहे. ओरखडा पडला तर गुण जातील." आणि गंमत अशी, की सगळ्यांना ते पटलं! बंद गाडीभोवती उभं राहून दहा शिकलेली माणसं त्या क्लिपांचा रंग ऑलिव्ह की जरा पिवळसर यावर वाद घालत होती. शेवटी उदयनेच, त्यांचं लक्ष नाही बघून, क्लिपा सोडवल्या आणि झाकण उचललं.

"रोटर नाही!"

रोटर म्हणजे त्या झाकणाखाली फिरणारा काळा तुकडा, करंगळीएवढा. तो फिरून प्रत्येक प्लगला वीज वाटतो. तो नसेल तर गाडी म्हणजे नुसतं लोखंड. लढाईच्या दिवसांत गाडी सोडून जाताना ड्रायव्हर तो काढून खिशात घालायचे, म्हणजे दुसऱ्या कुणाला गाडी नेता येऊ नये. त्या गाड्यांवर पुस्तकं वाचलेल्या एकालाही सव्वा तासात हे आठवलं नाही.

हिरामणदादा स्वतःहून पुढे आले. सदऱ्याच्या खिशातून रोटर काढून तळहातावर धरला.

"माज्यापाशी हाय. मी काढला."

"चोरलास?" भाटवडेकर ओरडले.

"चोरला असता तर दाखवला असता का? साहेब, गाडी घाटात जानार नाय. गेली तर येनार नाय."

मग जे सुरू झालं ते. कुणी म्हणालं, पैसे काढायचा डाव आहे. कुणी म्हणालं, कंस काढला त्याचा राग आहे. आणि एक गृहस्थ, ज्यांनी जरा वेळापूर्वी माझ्याकडून पोह्यांची कृती विचारून घेतली होती, ते म्हणाले, "यांना हात लावू दिला हीच चूक. कितीही करा, हे शेवटी आपल्या वळणावर जातात." 'यांना' म्हणजे कुणाला, हे तिथल्या प्रत्येकाला समजलं. हिरामणदादांनाही. पण ते त्या गृहस्थांकडे वळले नाहीत. ते उदयशी बोलले.

"उदय, बस जागेवर. ब्रेकवर पाय ठेव. जोरानं दाब आन् तसाच धर. मी सांगल्याबिगर सोडायचा नाय."

उदय बसला. त्याने पेडल दाबलं.

"घट्ट लागतंय की रे?" सबनीसांनी विचारलं.

"हो, घट्ट आहे."

"बघ! काही झालेलं नाही."

"धरून ठेव," हिरामणदादा म्हणाले.

मी उदयच्या चेहऱ्याकडे बघत होते. अर्धं मिनिट गेलं असेल. त्याची मांडी हळूहळू सरळ होत गेली, जणू तो बसल्या बसल्या चिखलात रुततोय. त्याचा रंग उडाला.

"खाली जातंय," तो म्हणाला. "पेडल खाली जातंय. फळीला टेकलं."

भाटवडेकर खाली वाकले. "तेल गळत नाहीये. जमीन कोरडी आहे. हवा असेल आत."

"भाईर गळनारच नाय," हिरामणदादा म्हणाले. "कडक रबराच्या बाजूनं तेल आतल्या आत मागं येतंय. आवारात दोन येळा दाबलं तर कळत नाय. उतारावर पाय ठेवून बसावं लागतं तवा कळतं. तवा कळून काय उपेग?"

त्यांनी रोटर जीपच्या बॉनेटवर ठेवला, चपला पायात सरकवल्या आणि निघाले. कळंबहून नेरळच्या एस. टी. थांब्याकडे. त्यांना थांबवायला कुणीही गेलं नाही.

फेरी रद्द झाली. जेवणं झाली. श्रीखंड होतं. जेवताना सबनीस म्हणाले, "सांगायची काही रीत असते. चोरून काढायची काय गरज होती?" हे ऐकून मी मान खाली घालून पुरीचा तुकडा मोडत राहिले. म्हणू शकले असते, की त्यांनी काल सांगितलं, आज सांगितलं, तुम्ही हसलात. म्हणू शकले असते, की काहीतरी करा असं मीच म्हटलं होतं. माझं पोर समोर धड बसून जेवत होतं आणि माझ्या मनात तेवढंच होतं. ते सुरक्षित आहे म्हटल्यावर दुसऱ्याची बाजू घ्यायचं माझ्या जिवावर आलं. बी. ए.ला मला तर्कशास्त्रात पहिला वर्ग होता!

उदयने मात्र पुढच्या आठवड्यात मंडळाला पत्र लिहिलं, जे झालं ते जसंच्या तसं. पत्राला उत्तर नाही. आलं ते हे पत्रक. आणि पत्रक फक्त सभासदच वाचतात असं नाही. नेरळच्या ज्या डॉक्टरांची मोटार नेहमी चार फाट्यावर यायची, ती आता खोपोलीला जाते. पळसदरीच्या बागाईतदाराने टेंपो अर्ध्या कामातून ओढून नेला. "पार्ट काढून ठेवतो म्हणे," असं लोक बोलतात. छत्तीस वर्षं या माणसाने दुसऱ्याच्या गाडीतला वॉशरसुद्धा स्वतःकडे ठेवला नाही.

काल उदय आणि मी चार फाट्यावर गेलो. पत्र्याखाली एकही गाडी नव्हती. हिरामणदादा स्टोव्हची पिन साफ करत होते. उदय म्हणाला, "दादा, मी मंडळातून नाव काढून घेतो."

ते म्हणाले, "कशाला रं? गाड्या शिकायच्या हायेत ना तुला? शीक की."

बायजा दारात उभी होती. तिने आम्हाला बसायला सांगितलं नाही. मी तिच्यापुढे पत्रक धरलं आणि हे चूक आहे, फार वाईट केलंय त्यांनी, असं काहीतरी बोलू लागले. तिने मला वाक्य पुरं करू दिलं नाही.

"बाई, तुमी व्हतात का नाय तिथं?"

"होते."

"काहीतरी करा म्हनलंत का नाय?"

"म्हटलं."

"ह्यांनी घरी येऊन सांगितलं मला. जेवताना काय झालं त्ये उदयनं सांगितलं. मंग त्ये चोर म्हनाले तवा तुमच्या तोंडात काय व्हतं? पुरी?"

"बायजा, गप गं," हिरामणदादा म्हणाले.

"का गप? त्यांचं पोर घरी आलं. माजा मानूस चोर झाला." मग माझ्याकडे वळून: "तुमाला लिवता येतं ना? शाळंत शिकवता ना? मंग लिवा. आन् नावं घालून लिवा. त्या लोकांनी यांचं नाव चांगल्याला घातलं नाय, वाइटाला पन घातलं नाय. नाव नसलं का मानूस काय बी बोलतंय."

हिरामणदादा म्हणाले, माझं नाव कशाला, उगा वाढेल. पण मला आता त्यांचं ऐकायचं नाही. या मजकुराची एक प्रत मंडळाला, एक सबनीसांना, एक नेरळच्या डॉक्टरांना जाईल. छापायचं की नाही हे मंडळाने ठरवावं. डॉक्टरांच्या घरी मी स्वतः नेऊन देणार आहे.

हिरामण सोनू रोकडे, चार फाटा, कर्जत, यांनी काही चोरलं नाही. गाडी थांबवायला त्यांना मी सांगितलं. त्यांनी थांबवली. मी तिथे हजर होते, आणि त्यांना चोर म्हटलं तेव्हा मी बोलले नाही.

सौ. विमल यशवंत पेठे, दहिवली, कर्जत. मार्च १९८२.